चढावर चौथ्यातून तिसरा गिअर पडत नाही (दहाचाकी ट्रक, नवीन ड्रायव्हर)

नवा_गडी_पारोळा

रामराम मंडळी. वय २२. घरचा ट्रॅक्टर चालवला, मग तीन वर्षं पिकअप. दोन महिन्यांपासून दहाचाकीवर आहे. धुळ्याहून रुईच्या गाठी घेऊन सुरतेकडे जातो, येताना मिळेल तो माल. रिकामी गाडी नीट चालवतो. लोड घेऊन चढ लागला की हात गळतात.

मागच्या मंगळवारी सुरतेहून येताना कोंडाईबारी घाट चढत होतो, मागे १६ टन लोखंडी पत्रा. चौथ्यात गाडी दबायला लागली म्हणून तिसरा टाकायला गेलो, तर नुसती खरखर. पुन्हा टाकला, पुन्हा खरखर. तेवढ्यात गाडी थांबली आणि मागे सरकायला लागली. हँडब्रेक ओढला, क्लीनरने उडी मारून मागच्या चाकाला दगड लावला. मागे एसटी होती, जेमतेम दहा हातांवर. आतली माणसं उभी राहून माझ्या गाडीकडे बघत होती, मला आरशात दिसत होतं. त्या रात्री डोळा लागला नाही. मालक म्हणतात, दोन महिने झाले तरी गिअर घासतोस. माझं नेमकं काय चुकतंय?

केळीलाईन_सावदा

भाऊ, हँडब्रेक ओढलास, पोराने दगड लावला, म्हणजे दोघांचं डोकं ठिकाणावर होतं. बाकीचं शिकता येतं. मी २६ वर्षं रावेर-सावद्याची केळी दिल्लीला नेली, तिसरा माझाही अडला आहे.

चूक खरखर व्हायच्या आधी झाली. ‘गाडी दबायला लागली’ असं तूच लिहिलंस. दबेपर्यंत थांबायचंच नाही. पिकअप हलकी, क्लच दाबला तरी ती जरा वेळ पळत राहते. १६ टन चढावर तसं पळत नाहीत, क्लच दाबला की वेग मरतो. इंजिनाच्या फेऱ्यांचा (आरपीएम) काटा १,३०० च्या आसपास उतरला आणि पुढे चढ दिसतोय, तर तिथेच तिसरा घे.

आता खरखर का होते ते बघ. त्याच वेगाला तिसऱ्यात इंजिन चौथ्यापेक्षा जास्त फिरावं लागतं. तू क्लच दाबतोस तेव्हा आतले गिअर मंदावतात, चाकांना जोडलेला शाफ्ट मात्र गाडीच्या वेगाने फिरतच असतो. दोघांचं जुळलं नाही की दात आपटतात. नव्या गाडीत सिंक्रो रिंग ते जुळवून देते. जुन्या गाडीत रिंगा घासलेल्या, तिथे आपणच जुळवायचं. त्यालाच डबल क्लच म्हणतात. क्लच दाब, न्यूट्रल कर, क्लच सोड, थोडी रेस दे, पुन्हा क्लच दाब, तिसरा टाक. न्यूट्रलला क्लच न सोडता रेस दिलीस तर ती गिअरबॉक्सपर्यंत पोचतच नाही. बहुतेक पोरं इथेच चुकतात. आणि तिसरा चुकला तर त्याच्याच मागे लागू नको. तोवर वेग आणखी उतरलेला असतो, सरळ दुसरा घे.

माझे उस्ताद अमळनेरचे. तीन दिवस त्यांनी मला गिअरची मूठ फक्त दोन बोटं आणि अंगठ्याने धरायला लावली. पूर्ण हाताने धरली की मनगटावर चापट. ‘दम खाय भो, गाडी आपलीच शे.’ रेस बरोबर बसली की दांडा आपोआप आत ओढला जातो, ते बोटांना कळतं. जोर लावलेल्या हाताला कळत नाही. महिनाभर गाणी बंद ठेव, तुझ्या बाजूची काच खाली घे, इंजिन ऐक.

मला तुझ्या चढापेक्षा उताराची जास्त काळजी वाटते. जाताना हाच घाट तू १०० गाठी घेऊन उतरतोस ना? एक गाठ १७० किलोची, म्हणजे १७ टन. उतार सुरू व्हायच्या आधी तिसरा टाकून घे, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून गाडी रोखतो तो) लाव आणि मग दांड्याला हात लावू नको. मध्येच न्यूट्रल झालं आणि पुन्हा गिअर पडला नाही, तर सगळा भार ब्रेकच्या लायनरवर येतो, ड्रम तापतात, आणि मग ब्रेकवर उभा राहिलास तरी गाडी धरत नाही. डिझेल वाचवायला न्यूट्रल मारणारे धाब्यावर पुष्कळ भेटतील. ऐकू नको. जुलै २०२३ मध्ये पळासनेरला ब्रेक निकामी झालेला कंटेनर हॉटेलात घुसला, किमान १० माणसं गेली. त्या पट्ट्यात मी किती वेळा चहाला थांबलोय.

गॅरेज_धुळे

आप्पांचं सगळं बरोबर. पण दादा, गाडीही तपासून घे. सपाट जागी उभी कर, इंजिन आयडलला. क्लच पूर्ण दाब, मनात पाच मोज, मग रिव्हर्स टाक. तरीही खरखर आली तर क्लच पूर्ण सुटत नाही. क्लच बूस्टर (पायाचा जोर वाढवतो तो), ऑइल, पेडलचा प्ले म्हणजे मोकळी चाल, या क्रमाने बघ. तसं असेल तर कितीही चांगला ड्रायव्हर बसव, गिअर घासणारच. आणि चालवताना डावा पाय क्लचवर ठेवायची सवय असेल तर आजच मोड. प्लेट आणि बेअरिंग दोन्ही जातात.

नवा_गडी_पारोळा

आप्पा, दादा, उशिरा लिहितोय. पाच मोजून रिव्हर्स टाकला, खरखर आली. मालकांना बोलावून दाखवलं. बूस्टरमधून ऑइल झिरपत होतं. परवा नवा बसवला. मालक तेव्हा काही बोलले नाहीत, संध्याकाळी चहाला मात्र सोबत बसवलं.

तरी माझा हातही कच्चा होताच. रात्री जिनिंगच्या आवारात रिकामी गाडी घेऊन तिसऱ्यातून दुसरा, चाळीसेक वेळा टाकला. सुरुवातीला न्यूट्रलला क्लच सोडायचंच विसरायचो. क्लीनर शेजारी बसून ‘सोड, सोड’ म्हणत होता.

आज येताना कोंडाईबारीत १५ टन होते. काच खाली, गाणी बंद. काटा १,३०० वर आला आणि तिसरा घेतला. दांडा आत ओढला गेला आप्पा, तुम्ही लिहिलंत तसाच.

उद्या १०० गाठी घेऊन उतरायचं आहे. घाट लागायच्या आधीच तिसरा टाकीन.