साहेब येणार म्हणून तुमच्याकडे काय काय झालं?

सोयाबीनवाली: आज फाट्यावर डांबर पडून राह्यलं. मंत्र्यांचा दौरा हाय म्हणे. धूळ उडू नये म्हणून टँकरनं सडक धुतली, अन् गावात नळ कोरडा. त्यावरून आत्याचं लग्न आठवलं. मुहूर्त टळला तरी आमदारसाहेब यायचे होते. नवरदेव घामाघूम, भटजी घड्याळ पाह्यते, वऱ्हाडी उपाशी. साहेब आले, अक्षता टाकल्या, फोटो काढला, न जेवताच गेले. त्यांच्यासाठी वेगळं झाकून ठेवलेलं श्रीखंड आम्हा पोट्ट्यायनं चाटूनपुसून खाल्लं. सांगा बाप्पा तुमचेही किस्से.

पुसदचा पोट्टा: लग्नात तर होतेच. आमच्या इकडं आधी सत्कार, मग मंगलाष्टकं. माइक पुढाऱ्याच्या हाती गेला का संपलं.

कपाशीवाला: एकाधिकार खरेदी आठवते का कोणाले? सारा कापूस सरकारलेच विकायचा, व्यापाऱ्याले नाही. १९७२ ले सुरू झालती. संकलन केंद्रावर बंड्यायची रांग पार सडकेपर्यंत. बाबा रात्री बंडीखालीच झोपत, बैलायचा कडबा घरूनच नेत. पाटलाची बंडी मागच्या फाटकानं आत. त्याच्या मालाले ग्रेडर नुसता पाहून ग्रेड देणार. आमच्या कापसात मात्र कोपरापर्यंत हात घालणार, खालचा कापूस मुठीत दाबून ओल पाहणार, अन् मग नाक मुरडणार. बाबा काहीच बोलत नसत. परत न्यायचा तरी कुठं?

सोयाबीनवाली: @कपाशीवाला अगदी. आमच्या आजोबायचंही हेच.

लालपरी: एसटीत 'आमदार' लिहिलेली सीट असते ना, मी नेहमी तिथंच बसतो. कंडक्टर म्हणते, 'आमदारसाहेब, जरा सरका, बाईच्या कडेवर लेकरू हाय.' खरा आमदार त्या सीटवर पाह्यलेला माणूस असला तर हात वर करा.

पुसदचा पोट्टा: हौ ना बे. त्यायच्या गाड्यायवरचा लाल दिवा १ मे २०१७ पासून गेला, पण काचेमागं पाटी आली. आमच्याकडं एका गाडीवर 'माजी उपसरपंच' हाय, अन् चालवते त्याचा भाचा.

जिजाई: भाकरी टाकता टाकता लिहिते, चुकलं तर समजून घ्या. मी जरा उलटं सांगते. माझे वडील तलाठी होते. जत्रेत पाळणा फुकट, गिरणीत आमचं दळण आधी. हुरड्याच्या दिवसांत कोणी ना कोणी पिशवी दारात ठेवून जायचं. मला वाटायचं, गावाचा आमच्यावर जीव आहे. बाबांची बदली झाली, पण माझी दहावी म्हणून मी आणि आई तिथंच राहिलो. मग गिरणीवाल्यानं पहिल्यांदा म्हटलं, 'पोरी, डबा रांगेत ठेव.' हुरडाही त्या वर्षी विकतच आणला.

लालपरी: ताई, गिरणीवाला लय हुशार.

नागपूरजवळचा: आमच्याकडं रस्त्याचं काम डिसेंबर जवळ आला का निघते. १९५३ च्या नागपूर करारानं दर साली एक अधिवेशन नागपुरात ठरलं, तेवढंच भाग्य. बाकी काही मिळो न मिळो, ठिगळं मिळतात.

कपाशीवाला: ते जाऊ द्या. सीसीआयच्या, म्हणजे कापूस घेणाऱ्या सरकारी महामंडळाच्या, 'कपास किसान' ॲपवर नोंदणी कोणी केली का? माह्या मोबाइलवर ओटीपीच येत नाही.

जिजाई: ई-पीक पाहणी केली का भाऊ आधी? सातबाऱ्यावर कापूस चढला का पाहा.

कपाशीवाला: चढला. पण त्यात तूर दाखवते जास्त.

पुसदचा पोट्टा: मग तलाठ्याकडं जा. जाताना हुरडा ने, हाहा.