दुष्काळ, टंचाई, 'दुष्काळसदृश' : नेमका फरक काय?

अवर्षण, टंचाई आणि दुष्काळ हे एकाच अर्थाचे शब्द आहेत का? आमचं महसूल मंडळ (तालुक्यातला गावांचा गट) 'दुष्काळसदृश' जाहीर झालं होतं. सदृश म्हणजे दुष्काळ आहे की नाही?

— अवर्षण म्हणजे पाऊस न पडणं, एवढंच. दुष्काळ म्हणजे वाईट काळ. धान्य, चारा, पाणी, मजुरी सगळं त्यात आलं. म्हणून तर 'ओला दुष्काळ' म्हणता येतं. टंचाई काय, कशाचीही असते. युरियाची, सुट्ट्या पैशांची.

— शब्दकोशापुरतं ठीक. सरकारदरबारी वेगळंच आहे. महाराष्ट्राने १९६३ साली चक्क कायदा करून राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून 'फॅमिन' शब्द काढला आणि 'स्कॅर्सिटी', म्हणजे टंचाई, घातला. कारण काय, तर पीकपाण्यावर सरकारचं सतत लक्ष असतं, वेळीच उपाय होतात, तेव्हा दुष्काळ पडायला वावच नाही. नऊ वर्षांत बाहत्तर साल उजाडलं!

— आमच्या माणदेशात त्याला कुणी टंचाई म्हणत नाही. 'दुष्काळी काम' हा तर जोडशब्दच होऊन बसलाय : खडी फोडणं, नालाबांध, पाझर तलावाची माती. आजी त्या कामावर होती. 'मिलो' आणि 'सुकडी' हे शब्द तिच्याकडूनच ऐकले. मिलो म्हणजे अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी. भाकरी थापताना कडेने चिरायची म्हणे. सुकडी म्हणजे पिठाचा पौष्टिक खाऊ, ती कामावर वाटायचे. पोरं ती कोरडीच मुठीने तोंडात टाकायची.

— रोजगार हमीचं मूळही दुष्काळी कामांतच. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६५ साली सांगलीच्या तासगाव तालुक्यात प्रयोग झाला, बाहत्तरच्या दुष्काळात योजना पसरली. कायदा १९७७ चा, लागू झाला २६ जानेवारी १९७९ पासून. यातला 'हमी' शब्द मला फार मोलाचा वाटतो. दुष्काळी काम सरकारने काढलं तर मिळायचं. हमीत 'मागेल त्याला काम', म्हणजे भुकेल्याने हात पसरायचा नाही, मागणी नोंदवायची. २००५ च्या देशव्यापी कायद्याने तर १५ दिवसांत काम न दिल्यास बेरोजगार भत्ता ठेवला. पण भत्त्याला मागणीची तारीख घातलेली पावती लागते, आणि टाळाटाळ नेमकी पावती देताना होते. 'काम निघालं की सांगतो' असं तोंडी बोलून माणसाला परत पाठवलं की कागदोपत्री मागणी झालेलीच नसते.

— मूळ प्रश्न राहिलाच की! 'सदृश' हा मधला दरवाजा आहे. २०२३ च्या खरिपात ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, तो केंद्राच्या दुष्काळ संहितेचे निकष लावून. निकषांत न बसलेल्या, पण पाऊस कमी झालेल्या मंडळांना राज्याने 'दुष्काळसदृश' ठरवून जमीन महसुलात सूट, परीक्षा शुल्कमाफी वगैरे सवलती दिल्या.

— आणि वर कुणी 'ओला दुष्काळ' लिहिलंय, तो सरकारी निकषांत नाही बरं का. तिथे 'अतिवृष्टी' : मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस.

— मग रोज थोडाथोडा पडून सोयाबीनच्या शेंगांना झाडावरच कोंब फुटले तर?

— त्यालाही शब्द सापडला, 'सततचा पाऊस'. २०२३ मध्ये राज्याने तो नैसर्गिक आपत्तीत धरला.