टीडीएस मीटर: दोन आकडे, एकच पाणी
टीडीएस मीटर म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार किती ते दाखवणारं यंत्र. असे दोन मीटर एकाच पाण्यात वेगळे आकडे दाखवतात म्हणजे एक बिघडलेला, असं काहीजण म्हणतात. तसं असेलच असं नाही. हा मीटर क्षार थेट मोजतच नाही. तो पाण्याची विद्युतवाहकता मोजतो आणि तिला एका ठरावीक गुणकाने गुणून पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग, म्हणजे साधारण लिटरला किती मिलिग्रॅम) दाखवतो. कुठे हा गुणक ०.५ असतो, कुठे ०.७. माझ्याकडे योगायोगाने दोन्ही प्रकारचे आहेत. एकाच पेल्यात पहिला २१० म्हणाला, दुसरा २९४. आठवडाभर मी दुसऱ्याला नावं ठेवली, मग दोन्ही मायक्रोसीमेन्सवर, म्हणजे वाहकतेच्या एककावर लावले तर दोघांचेही ४२०! त्यामुळे तुलना करायचीच तर वाहकतेची करा. आणि हो, बुडवल्यावर जरा ढवळा, टोकांना हवेचे बुडबुडे चिकटले की आकडा कमी येतो.

'आकडा कमी म्हणजे पाणी शुद्ध' असंही म्हणतात, ते मात्र मला अजिबात पटलं नाही. पेल्यात चमचाभर साखर विरघळवून बघा, मीटर जवळपास ढिम्म. चिमूटभर मीठ टाका, लगेच उडी. साखरेचे आयन (वीज वाहून नेणारे भारित कण) होत नाहीत, एवढंच कारण. जंतूही त्याला असेच दिसत नाहीत. विषारी आर्सेनिकसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे ०.०१ पीपीएम, आणि आपल्या मीटरची सगळ्यात लहान पायरीच १ पीपीएमची. मी मीटर फक्त आरओच्या (पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राच्या) मेम्ब्रेनवर, म्हणजे क्षार अडवणाऱ्या पडद्यावर, लक्ष ठेवायला वापरतो. आत जाणाऱ्या पाण्याचा आकडा तोच असताना बाहेरचा महिनोन्‌महिने चढत गेला, की मेम्ब्रेन बदलायला झाली.