इमारतीआधी जनरेटरचं बोला

'विद्यापीठाच्या रिजनरेटिव्ह मेडिसिन (पेशींच्या मदतीनं शरीराचे खराब झालेले भाग दुरुस्त करण्याचं शास्त्र) केंद्राला आधी देखणी इमारत, मशिनी मागाहून' हे म्हणणं काही पटलं नाही बुवा. पेशी वाढवायच्या तर इन्क्युबेटर रात्रंदिवस ३७ अंश आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडवर लागतो. इथे विदर्भात मे महिन्यात बाहेर ४५! आमच्या लॅबमध्ये एकदा भरदुपारी लाइट गेली, जनरेटरनं दगा दिला. संध्याकाळी डिश काढल्या तर लालसर माध्यम (पेशी ज्यात वाढतात तो पोषक द्रव) जांभळट गुलाबी झालेलं, म्हणजे कार्बन डायऑक्साइड उडून बिघडलेलं. तीन आठवड्यांची मेहनत पाण्यात. पेशी गोठवून ठेवायच्या द्रव नायट्रोजनच्या टाकीला (उणे १९६ अंश) वीज लागत नाही, पण ती वेळेवर भरणारा माणूस आणि नायट्रोजन गळून खोलीतला ऑक्सिजन कमी झाला तर कळायला सेन्सर हवाच. आणि संशोधनाचा विषय? विदर्भात सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) एवढा, तर सुरुवात रक्ताच्या मूळपेशींपासूनच करा.