मदत हवी आहे: स्वस्तातला टॅब घ्यावा की नको?

वापर दोनच गोष्टींसाठी: स्कॅन केलेल्या पीडीएफ वाचणं आणि रेकॉर्ड केलेली लेक्चर्स बघणं. गेम, सिम, पेन काही नको. बजेट वाढणार नाही, त्यामुळे "थोडे अजून घाल" हा सल्ला कृपया नको.

सध्या फोनवर वाचतो. दोन कॉलमांचं ए-४ पान असलं की प्रत्येक ओळीला बोटाने डावीकडे-उजवीकडे सरकवत बसायचं. आडवा धरून पाहिला, रीफ्लो (मजकूर स्क्रीनच्या रुंदीत नव्याने मांडणं) करून पाहिलं. पण स्कॅन म्हणजे शेवटी फोटोच, त्यातला मजकूर रीफ्लो होत नाही. लॅपटॉप आहे, पण तो घेऊन आडवं पडता येत नाही!

बजेटमध्ये बसणारे बहुतेक १०.१ इंची टॅब ४ जीबी रॅम, ६४ जीबी ईएमएमसी (स्वस्त, संथ प्रकारचं) स्टोरेज आणि १२८० × ८०० स्क्रीनचे आहेत. म्हणजे इंचाला जेमतेम १४९ पिक्सेल. त्यावर तळटीपांचा बारीक टाइप वाचता येतो का, ही खरी धास्ती. दुकानातला डेमो पीस भराभर चालला, पण त्यात काही भरलेलंच नव्हतं. माझ्या फायली १५०-२०० एमबीच्या असतात.

दुसरा पर्याय म्हणजे १९२० × १२०० स्क्रीनचा जुना, वापरलेला टॅब. स्क्रीन छान, पण बॅटरी थकलेली आणि सिक्युरिटी अपडेट बंद.

असा ४ जीबीचा टॅब वर्षभराहून जास्त वापरलेल्यांनी सांगा: मोठी स्कॅन पीडीएफ उघडल्यावर पान उलटायला किती वेळ लागतो, आणि अक्षर झूम न करता वाचता येतं का?