कुरेलेकची चित्रं: वारसा की कॅलेंडर?

मधुरा_ओंटारियो:
विल्यम कुरेलेक (१९२७-१९७७) म्हणजे कॅनडातल्या युक्रेनी मंडळींचा घरचा चित्रकार. वडील १९२३ साली बुकोव्हिनातून आले (आज युक्रेन आणि रोमानियात विभागलेला, पहिल्या महायुद्धापर्यंत ऑस्ट्रियाच्या ताब्यातला प्रांत). हा जन्मला आल्बर्टात, वाढला मॅनिटोबाच्या शेतावर. त्याची बालपणीच्या हिवाळ्याची चित्रं बघून मला मात्र दरवेळी वाण्याच्या दुकानातलं कॅलेंडर आठवतं. गुडघाभर बर्फ, हॉकी खेळणारी पोरं, वर अफाट आभाळ. पहिल्या महायुद्धात शत्रू ऑस्ट्रियाची प्रजा म्हणून हजारो युक्रेनियनांना कॅनडाने छावण्यांत डांबलं, त्याचा इथे मागमूस नाही. ही स्मरणरंजनाची दुकानदारी झाली.

खडूस_काका:
मधुराताई, हिवाळ्याची चित्रं चाळलीत आणि निकाल लावून मोकळ्या झालात! त्याचं 'द मेझ' (भूलभुलैया) हे चित्र बघा. १९५३ साली लंडनच्या मनोरुग्णालयात असताना काढलेलं. आडवं पडलेलं डोकं, कवटी उघडी, आत खणच खण. एकात शाळेतल्या पोरांनी घेरलेला मुलगा, एकात बापाने बर्फात हाकललेला, आणि मधोमध अंगाची मुटकुळी केलेला पांढरा उंदीर. घरी युक्रेनी, शाळेत इंग्रजी, आणि चित्रकलेला रिकामटेकडेपणा समजणारा बाप. यात दुकानदारी कुठे दिसली?

मधुरा_ओंटारियो:
ते आजारपणाचं चित्र, काका. त्याला स्थलांतराचं लेबल लावू नका. आणि पुढे काय झालं? १९६४ मध्ये त्याच बापाच्या कष्टांवर अख्खी चित्रमालिका! बापाला माफ केलं, ठीक आहे, पण चित्राची धार गेली.

काकडआरती:
मध्येच तोंड घालते. मी विनिपेगला राहते. शेजारच्या युक्रेनी आजींना कुरेलेकचं एक छापील चित्र दाखवलं होतं. त्यांनी ते नाकाशी धरलं आणि आधी काय तपासलं असेल? अंगणातली मातीची भट्टी. तिचं तोंड नीट आहे का, धूर कुठून निघतो. मग म्हणाल्या, "आमची याहून बुटकी होती." 'किती गोड' वगैरे काही म्हणाल्या नाहीत. आपल्या आज्या नाही का, सिनेमातलं जातं बघून खुंटा चुकलाय म्हणतात!

खडूस_काका:
वा! आणि मधुराताई, धार गेली म्हणता, तर 'डिनरटाइम ऑन द प्रेअरीज' (१९६३) बघा. शेताच्या कुंपणापाशी ख्रिस्ताला खिळलंय. पॅलेस्टाइनमध्ये नाही, शेतकऱ्याच्या बांधावर. असलं कॅलेंडर कुठला वाणी छापेल? अखेरच्या वर्षी, १९७७ मध्ये, हा बापाच्या गावी जाऊन चित्रं काढत बसला होता. नोव्हेंबरात वारला.

मधुरा_ओंटारियो:
कुंपणाचं चित्र ठाऊक नव्हतं, बघते. पण भाविक माणूस होता, क्रूस कुठेही उभा करेल. छावण्यांचं काय, ते अजून कुणी बोललं नाही.