एम४२ लेन्स आणि निकॉन
'अडॅप्टर (लेन्स आणि कॅमेरा जोडणारी कडी) लावला की जुनी लेन्स कुठल्याही कॅमेऱ्यावर चालते' असं म्हणतात, ते मिररलेसला आणि कॅननला ठीक. निकॉन डीएसएलआरवाल्यांनी जरा थांबा. एम४२, म्हणजे जुन्या आट्यांच्या जोडाची लेन्स, माउंटपासून (लेन्स बसते त्या कडीपासून) सेन्सरपर्यंत ४५.४६ मिमी अंतर धरून बनवलेली. निकॉनमध्ये ते ४६.५ मिमी. त्यामुळे साध्या अडॅप्टरवर लांबचं फोकस होतच नाही, सातारा शहरातून अजिंक्यतारा किल्ला धूसरच दिसणार. हे अंतर भरून काढणारे काचवाले अडॅप्टर मिळतात, पण स्वस्तातले चित्राची धार घालवतात.

कास पठारावरच्या फुलांना मात्र साधा अडॅप्टर चालून जातो, तिथं सगळं जवळचंच टिपायचं असतं. आमच्या साताऱ्याच्या टोळीत एक हेलिऑस ४४-२ ही जुनी एम४२ लेन्स सगळ्यांच्या बॅगांतून फिरते. मूळ मालक कोण, यावर राजवाड्यावर चहासोबत भांडण ठरलेलं. आणि पठारावरच्या वाऱ्यात फोकसच्या रिंगशी झटापट करू नका. फोकसचं अंतर पक्कं करून आपणच पुढंमागं झुकायचं.